चिऊचं नाव कुणाच्या रिटर्नवर?

प्रिय सुध्या,

चार महिने मी फोन केला नाही, रागावला असशील. माझा गुडघा बरा आहे. काल तुझ्या ताईशी बोलणं झालं आणि आज लिहायला बसलो. तिच्या चिऊच्या बाबांनी, म्हणजे घटस्फोट झालेल्या नवऱ्याने, ताईकडे फॉर्म ८३३२ (मुलाचं नाव दुसऱ्या पालकाला टॅक्स रिटर्नवर लावू देणारा अमेरिकेतला फॉर्म) सहीसाठी पाठवलाय, आणि तू म्हणतोस किराणा, शाळा सगळं मी बघतो, तर चिऊ माझ्याच रिटर्नवर!

खर्च करील त्याचा हक्क, हे तुझं मेसच्या हिशेबापासूनचं म्हणणं. तेव्हाही आपण भांडलो होतो. पण आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं, आधी रात्री मोजते. निम्म्याहून जास्त वर्ष चिऊ कुणाच्या घरात राहिली? उन्हाळ्यात आजीकडे पुण्याला होती, ते सुट्टीचे दिवस घरचेच धरतात. ताईही तुझ्याच घरात राहते, म्हणून नियमात तुम्ही दोघंही बसता, मामा चालतो. पण पहिला हक्क आईचा. तिने सोडला तरच तुला, आणि तेही तुझं अ‍ॅडजस्टेड ग्रॉस इन्कम (ठरावीक वजावटींनंतरचं उत्पन्न) तिच्यापेक्षा जास्त असेल तर. तुझं आहेच.

पण तिला सोडायला लावू नकोस रे. २०२५ साठी चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलामागे टॅक्समध्ये मिळणारी सूट, २,२०० डॉलर आहे. ताईला टॅक्स फारसा लागला नाही, तरी त्यातले १,७०० पर्यंत हातात येऊ शकतात. शिवाय तिच्या पगारात अर्न्ड इन्कम क्रेडिट (कमी कमाई असलेल्यांची टॅक्स सवलत) बसतं, एका मुलामागे जास्तीत जास्त ४,३२८. तुझ्या पगाराला ते मिळायचं नाही, आणि चिऊ तुझ्या रिटर्नवर गेली की ताईचंही चिऊमुळे मिळणारं जातं. दोघांचे रिटर्न दोन्ही प्रकारे कच्चे करून बेरीज बघ. हेड ऑफ हाउसहोल्ड (एकट्याने घर चालवणाऱ्यांसाठी कमी टॅक्सचा रिटर्नचा प्रकार) मात्र ताईने लावू नये, घर निम्म्याहून जास्त तिच्या पैशावर चालत नाही.

आता ८३३२. त्याने चाइल्ड टॅक्स क्रेडिट बाबांकडे जातं, अर्न्ड इन्कम ताईकडेच राहतं. दुसऱ्या भागात ‘पुढची सगळी वर्षं’ असं लिहून दिलं की ती अडकली. मागे घेता येतं, पण लागू होतं पुढल्या वर्षापासून. घटस्फोटाच्या निकालात काय ठरलंय ते आधी वाचा. द्यायचाच असेल तर पहिला भाग, एकाच वर्षापुरता. आणि तुझा खर्च मोजला जातो तो इथे! चिऊचा निम्म्याहून जास्त खर्च आईबाबांनी मिळून केला नसेल, तर त्या फॉर्मचा नियम लागूच होत नाही. तिच्या वाट्याचं घरभाडं, जेवण, शाळा, डॉक्टर, सगळं मांडून ठेव.

दोघांनी नाव टाकलं, तर नंतरचं ई-फाइल बहुधा परत येतं आणि पुढे दोघांनाही सीपी ८७ए नोटीस (एकच नाव दोन रिटर्नवर आलंय, असं सांगणारी) येऊ शकते. शाळेकडून लेटरहेडवर चिऊचं नाव, तुझा पत्ता आणि तारखा असलेलं पत्र आत्ताच घे. तुला नातं दाखवावं लागलंच, तर तिचा, ताईचा आणि तुझा, तिन्ही जन्मदाखले लागतील. तुझा पुण्यालाच असेल, मागवून ठेव.

नव्या नोकरीचं कळलं, फार बरं वाटलं. वहिनींना नमस्कार, चिऊला पापा. रिटर्न भरायची शेवटची तारीख, १५ एप्रिल, जवळ आलीय. ताईने सही करून टाकली असेल, तर कुठल्या भागावर केली ते मला आजच कळव.

तुझा,
बाळ्या