घरं मोजण्याआधी जेट्टी मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २६ डिसेंबर जवळ आला की २००४ च्या त्सुनामीवर अंदमान-निकोबारची आठवण म्हणून काही ना काही छापून येतं. किती घरं गेली, किती नवी बांधली, हे आकडे त्यात असतातच. मी २००७ ते २००९ निकोबारमधल्या कामोर्टा बेटावर त्याच घरांच्या कामावर एका कंत्राटदाराचा स्टोअरकीपर होतो. मूळचा मिरजेचा, तोवर समुद्र पाहिला होता तो गणपतीपुळ्याला. त्या दोन वर्षांत जे कळलं ते लिहावं असं बरेच दिवस मनात आहे.

निकोबारमध्ये सुमारे सात हजार कायमस्वरूपी घरं उभी करायची होती. एका घराला लोखंडी खांब किती, पत्रे किती, स्क्रू किती, सगळं कागदावर चोख होतं. पण यातलं बेटावर जवळपास काहीच मिळत नाही. चेन्नईहून मोठ्या जहाजानं पोर्ट ब्लेअर, तिथं माल उतरवून लहान जहाजात, मग कामोर्टा, आणि माल कच्छल किंवा तेरेसा या शेजारच्या बेटांचा असेल तर पुढे आणखी एक बोट. शेवटी किनाऱ्यापासून गावापर्यंत ट्रॅक्टर, नाहीतर माणसाचा खांदा. एकच खांब निदान चार-पाच वेळा उचलावा लागे आणि प्रत्येक उचलीत काहीतरी वाकायचं, हरवायचं किंवा भिजायचं.

ज्या भूकंपानं ती त्सुनामी आली त्यानं जमीनच हलली होती, हे इकडे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. उत्तर अंदमानाचा किनारा वर उचलला गेला. पोर्ट ब्लेअर परिसर मीटरभर खचला आणि दक्षिणेला इंदिरा पॉइंटचं दीपगृह चार मीटरहून अधिक खाली गेलं. म्हणजे जिथं जमीन वर आली तिथं जहाजाला लागायला पाणी कमी, आणि जिथं खचली तिथं भरतीचं पाणी उरल्यासुरल्या जेट्टीवर. जुने नकाशे आणि खोलीचे आकडे त्या दिवशीच निकामी झाले. कार निकोबारची धावपट्टी वापरण्याजोगी राहिली म्हणून तिथं विमानं उतरू शकली. आमच्याकडे हेलिकॉप्टर सोडलं तर सगळा भरवसा समुद्रावर.

माझ्या पहिल्याच पावसाळ्यातली गोष्ट. खांब, पत्रे आणि सिमेंट घेऊन आलेलं जहाज खवळलेल्या समुद्रामुळे अकरा दिवस बाहेर थांबलं. शेवटी जेट्टीला लागलं तेव्हा पत्रे सगळ्यांत वर आणि खांब तळाशी. काम सुरू होतं खांबांनी! वरचे पत्रे आधी उतरवून उघड्यावर ठेवावे लागले आणि खाऱ्या हवेत त्यांच्या कडांना महिन्याभरात गंज धरला. सिमेंटच्या चारशे गोण्यांपैकी दीडशे दगड झाल्या होत्या. दोष चेन्नईत माल भरणाऱ्या हमालांचा नव्हता. जे आधी लागणार ते शेवटी भरा, एवढं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

वाळूचंही तसंच. किनाऱ्यावर वाळू दिसते, पण ती उपसून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवरचा उपसा टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं होतं, आणि ज्या किनाऱ्यानं नुकताच मार खाल्ला आहे तो आणखी खणणं मलाही पटत नव्हतं. आमचे साठ मजूर होते. माणशी दिवसाला अर्धा किलो तांदूळ धरला तरी महिन्याला नऊशे किलो, तोही त्याच जहाजातून यायचा ज्यातून गावकऱ्यांचं रेशन येई. एकदा आमच्या मालामुळे गावाचा तांदूळ मागे राहिला. पुढचे काही दिवस मला लोकांच्या डोळ्यांना डोळा देता आला नाही.

निकोबारमध्ये गावच्या प्रमुखाला कॅप्टन म्हणतात. आमच्या गावचे कॅप्टन वयस्कर होते. एका संध्याकाळी स्टोअरच्या पायरीवर बसून ते हिंदीत म्हणाले, "घर बाद में भी चलेगा, पहले होड़ी दो." होडी हा शब्द त्यांचाही आहे, हे ऐकून मला गलबलून आलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. होडी असली की मासे मिळतात, शेजारच्या बेटावरची बहीण भेटते, आजारी माणूस दवाखान्यात पोहोचतो. त्सुनामीत घरांसोबत होड्याही गेल्या होत्या. माझ्याकडच्या कुठल्याही तक्त्यात होडीसाठी रकाना नव्हता. ट्रिंकेट बेटाचे तर तुकडे झाले आणि तिथली माणसं कामोर्टावर आणून वसवली. त्यांच्या नारळाच्या बागा पलीकडे राहिल्या. होडीशिवाय तिथं जायचं कसं?

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. बेटावरच्या नुकसानीची पाहणी जेट्टीपासून सुरू व्हावी. भरती-ओहोटीला पाणी किती, क्रेन किती टन उचलते, कोणत्या महिन्यात जहाज लागू शकत नाही, कोरडं गोदाम किती गोण्यांचं, गोडं पाणी कुठं, होड्या किती, रस्ता कुठं तुटतो. ही नोंद प्रत्येक बेटाची आजच तयार हवी, गावच्या कॅप्टनला बरोबर घेऊन केलेली आणि दरवर्षी मे महिन्याआधी तपासलेली. आपत्ती आल्यावर दिल्लीहून अधिकारी येऊन ती करू लागले की पहिला कोरडा हंगाम हातचा जातो.

आता ग्रेट निकोबारच्या गलाथिया उपसागरात मोठं कंटेनर बंदर बांधायचं ठरलं आहे. त्याची क्षमता वर्षाला लाखो कंटेनरमध्ये सांगितली जाते. हा भाग २००४ मध्ये खचलेल्या पट्ट्यातलाच आहे, त्यामुळे त्याची काळजी वाटते ती वेगळीच. पण चौरा, तेरेसा, कच्छलच्या जेट्ट्यांची अवस्था कुणी विचारत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. निकोबार जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ४२,०६८ होती, २०११ मध्ये ३६,८४२. इतक्या थोड्या माणसांसाठी एक वही लिहून ठेवणं अवघड नाही.

त्या काळच्या माझ्या तीन वह्या अजून माझ्याकडे आहेत. कोणतं जहाज कधी लागलं, किती दिवस थांबलं, कोणत्या बेटावर माल कसा उतरवला, काय खराब झालं, तारीखवार सगळं आहे. बेटांवर काम करणाऱ्या कुणाला त्यांचा उपयोग होणार असेल, तर झेरॉक्स काढून पाठवायला मी तयार आहे. तसं कुणी विचारलं तर आपल्या कार्यालयानं मला कळवावं.

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर,
मिरज