फिश टँक वर चढवण्याआधी

नागपूर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

नंदनवनच्या घराचा वरचा स्लॅब ४ फुटी फिश टँक पेलेल का, हा तुझा प्रश्न. स्लॅब धड असेल तर पेलेल, पण हॉलच्या मधोमध नको.

४ बाय दीड बाय २ फूट म्हणजे ३४० लिटर पाणी. १२ मिलिमीटरची काच ७५-८० किलो. वाळू, दगड, स्टँड धरून ५०० किलो होतात. तेही ६ चौरस फुटांवर, म्हणजे चौरस मीटरला ९०० किलो! आयएस ८७५, म्हणजे इमारतीवरच्या भाराचं भारतीय मानक, राहत्या खोलीला चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास धरतं. घाबरू नको, स्लॅब वजन आजूबाजूला वाटून घेतो. पण १० फुटी गाळ्यात, म्हणजे दोन टेकूंमध्ये १० फूट अंतर असताना, तोच टँक मध्याऐवजी टेकूच्या भिंतीला लांबीने लावलास, तर स्लॅबला वाकवणारा जोर तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरतो.

टेकूची भिंत म्हणजे जिच्याखाली बीम आहे किंवा जी ९ इंची भिंत थेट पायापर्यंत गेली आहे ती. साडेचार इंची आडभिंत बहुधा स्वतःच स्लॅबवर बसलेली असते, तिचा भरवसा नाही. खालच्या मजल्यावर पीओपीचं छत आहे ना? एक लाइट काढून टॉर्चने आत बघ. बीम कळेल, गंजाचे डाग, सुटलेलं प्लॅस्टरही दिसेल. सळई उघडी पडली असेल तर टँक विसर, आधी इंजिनिअरला बोलव.

गॅलरीत तर मुळीच नको. बाहेर काढलेल्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या अंगाला असते आणि आपल्याकडे नेमकं तिथंच वर्षानुवर्षं कूलरचं पाणी मुरतं. टाइलखालचा गंज दिसतही नाही. महाल भागातल्या वाड्याचं विचारूच नकोस बाप्पा, वाळवी लागलेल्या तुळया त्या!

चार पायांचं स्टँड घेतलंस तर एकेका पायावर सव्वाशे किलो येतात. टाइल नाण्याने ठोकून बघ. बद्द आवाज आला की खाली पोकळ, तडकणारच. स्टँडखाली १९ मिलिमीटरचं मरीन प्लाय टाक, टँकखाली थर्माकोल. आधी अर्धाच भर, दिवसभर थांब, लेव्हल बघ, मग उरलेलं पाणी. एक कोपरा दबला की काच पिळवटते, सिलिकॉनचा जोड सुटतो. स्लॅबला काही होण्याआधी टँकच फुटतो, आणि ३४० लिटर पाणी खालच्या भाडेकरूच्या डोक्यावर.

सुट्टीत गडचिरोलीहून आलास की फोन कर, शिडी मी आणतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विलास