तात्या, ती दहाची नोट अजून सॅक्सोफोनच्या केसमध्येच आहे

तात्या,

साष्टांग नमस्कार.

अल्बम आला. माझा पहिला. सहा धुना आहेत, सगळ्या वेंगुर्ल्यातल्या त्या जुन्या घराच्या माजघरात वाजवलेल्या. कौतुकाचे फोन येतायत, पण माझ्या डोळ्यांसमोर तुमचेच हात येतात. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहितेय.

मुंबईतल्या एका स्टुडिओने आगाऊ पैसे घेतले आणि पाच महिने नुसत्या तारखा दिल्या. एका संस्थेतले मोठे गृहस्थ तोंडावर म्हणाले, "मुलीच्या जातीला हे फुंकायचं वाद्य कशाला? आणि ते आपलं तरी आहे का?" याच किनाऱ्यावरच्या, मंगळूरकडच्या कद्री गोपालनाथांनी सॅक्सोफोनवर आयुष्यभर कर्नाटक संगीत वाजवलं, गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विसांनी जॅझ वाजवला. अजून किती आपलं व्हायचं त्या वाद्याने? वाद्य दुरुस्त करणाऱ्याने तर केस पुरती उघडलीही नाही. चाव्यांखालची सगळी पॅड बदलावी लागतील म्हणाला, महिनाभर ठेवून जा म्हणाला.

शेवटी घरीच रेकॉर्डिंग करायचं ठरवलं आणि जून धरला. १ जूनला मासेमारी बंद होते, बंदरावरची इंजिनं गप्प होतात. तेवढीच शांतता आम्हाला परवडणारी होती. पण मिरगाचा पाऊस लागला आणि दुसऱ्याच दिवशी जी शार्प या सुराची चावी चिकटली. ती एरवी बंद असते, दाबली की बारीकशा स्प्रिंगच्या जोरावर उघडते. चामड्याचं पॅड दमट हवेने चिकट झालं की ती स्प्रिंग हरते. जी शार्प हवा तिथे नुसता जी निघतो. तिसऱ्या धुनेत तर तो सूर ओळीओळीला आहे. मी रडकुंडीला आले होते, तात्या.

तुम्ही भर पावसात आलात. चाळीस वर्षं लग्नाच्या बँडात आल्टो सॅक्सोफोन वाजवलेला माणूस, पण तेव्हा त्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. "घाबरा नको गो बाय, पावसात ह्यां असांच चिकटता," एवढंच. सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली कोरी दहाची नोट काढलीत, पॅडखाली सरकवलीत, वरून बोटाने हलकेच दाबलंत आणि नोट ओढून घेतलीत. दोनदा. तिसऱ्यांदा चावी टपकन उघडली.

तेवढं करून तुम्ही गेला असतात तरी चाललं असतं. तुम्ही ओटीवर बसून राहिलात, रात्री दोनपर्यंत. रेकॉर्डिंगच्या प्रत्येक टेकआधी न बोलावता आत यायचात, नोट फिरवायचात आणि पाय न वाजवता बाहेर जायचात. अकरा वेळा. तुमची बोटं थरथरत होती, पण पॅडवर टेकली की थांबायची. पैशाचं विचारलं तर तुम्ही चहा मागितलात, कोरा.

दारावर पाटी नसलेली अशी माणसं गावोगाव आहेत, तात्या. आपल्याला येतं ते दुसऱ्याच्या उपयोगी पडावं, एवढाच त्यांचा हिशोब. मोठ्या नावांच्या मागे धावण्यात माझी दोन वर्षं गेली, आणि तुम्ही आमच्या घरापासून तीन वाड्या पलीकडे होतात.

येत्या रविवारी स्पीकर घेऊन तुमच्याकडे येतेय. तिसरी धून पहिल्यांदा लावीन. सूर लागायच्या आधी नीट कान दिलात तर "खस्स" असा बारीक आवाज आहे, नोट ओढल्याचा. रेकॉर्डिंग करणाऱ्या मित्राने विचारलं होतं, काढून टाकू का? मी राहू दे म्हटलं.

तुमची,
सॅक्सोफोनवाली बाय