चौकटीतली तेवढी एकच गोष्ट खोटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत शेवटच्या पानावर फुटबॉलमधल्या अजब गोष्टींची चौकट आली होती. पाच गोष्टी होत्या. त्यांतल्या चार खऱ्या आहेत. पाचवी, म्हणजे ‘अनवाणी खेळायला परवानगी मिळाली नाही म्हणून भारत १९५० च्या विश्वचषकाला मुकला’ ही, खरी नाही. पत्राचा विषय एवढाच. पण एवढंच लिहून पाठवलं तर कट्ट्यावर मला कुणी चहा पाजणार नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. कापायचं तिथं कापा, फक्त शेवट कापू नका.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर ३१ वर्षं काढली. आता रिकामा आहे. रोज सकाळी गांधी मैदानाच्या कडेला चहाच्या गाड्यापाशी आम्ही सहा-सात जण बसतो. एक निवृत्त मास्तर, एक रिक्षावाला, एक दूधवाला, दोघं फौंड्रीतले आणि मी. सुट्टी असली की माझा नातूही येतो. आमच्या पेठा वेगळ्या, तालमी वेगळ्या, म्हणजे फुटबॉलचे संघही वेगळे, त्यामुळे शाहू स्टेडियमवरच्या सामन्यांबद्दल कट्ट्यावर अवाक्षर काढायचं नाही असा नियम आहे. एका ऑफसाइडवरून मास्तर आणि रिक्षावाला चार महिने एकमेकांशी बोलत नव्हते, तेव्हा हा नियम केला. म्हणून आम्ही लांबलांबच्या गोष्टी काढतो. मादागास्करवरून आमच्यात भांडण होत नाही.

तुमच्या चौकटीत पहिली गोष्ट मादागास्करचीच होती. ३१ ऑक्टोबर २००२ ला तिथल्या लीगमध्ये एएस आदेमा संघानं एसओ लेमिर्न संघाला १४९-० असं हरवलं, आणि सगळेच्या सगळे गोल लेमिर्नच्या खेळाडूंनी पंचांच्या निषेधार्थ स्वतःच्याच जाळ्यात मारले. रिक्षावाल्यानं पेपर डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाला, “१४-९ असंल. छापखान्यानं मधली रेघ खाल्ली.”

आता माझा सगळा जन्म एका नगाला किती सेकंद लागतात हे मोजण्यात गेलेला. मी पेपरच्याच कडेला भागाकार मांडला. ९० मिनिटं म्हणजे ५४०० सेकंद, भागिले १४९. एका गोलला साधारण ३६ सेकंद. होण्यासारखं आहे. आणि खरी मेख पुढेच आहे, जी तुमच्या चौकटीत नव्हती. ज्यानं गोल खाल्ला त्यानंच मध्यावरून चेंडू सुरू करायचा, हा फुटबॉलचा नियम. स्वतःवर गोल मारला की चेंडू पुन्हा तुमच्याच पायात. समोरच्या संघानं बोटसुद्धा न लावता हे गाडं दिवसभर चालू शकतं. आदेमाची पोरं नुसती उभी राहून बघत असणार.

मास्तरांचा तरी विश्वास बसेना. मग नातू आणि त्याच्या चार दोस्तांना मैदानात उतरवलं. विटा ठेवून गोल केला आणि मोबाइलवर वेळ लावली. मध्यावरून मागं पास, तिथून आणखी मागं, की जाळ्यात. आमचं अंतर कमी होतं, त्यामुळे फेरीला २२ सेकंद पडले. दहाव्या गोलला पोरं खाली बसली. “आजोबा, बास. ह्यात काय मजा न्हाई.” १४९ गोल मारायला माणसाला किती राग यावा लागत असेल, ते मला तेव्हा कळलं.

दुसरी गोष्ट बार्बाडोस आणि ग्रेनाडाची. जानेवारी १९९४, कॅरिबियन चषकाची पात्रता फेरी. ही तुम्ही चार ओळींत आटोपली आणि कुणालाच कळली नाही. आम्हाला ती समजून घ्यायला दोन दिवस आणि तीन वेळचा चहा लागला. शेवटी मी गाड्याच्या फळीवर दोन रिकामे ग्लास आडवे ठेवले, ही दोन जाळी. साखरेची डबी बार्बाडोस, बिस्किटाचा पुडा ग्रेनाडा.

बार्बाडोसला पुढं जायला दोन गोलांनी जिंकणं भाग. २-० झालंय, म्हणजे काम फत्ते. ८३व्या मिनिटाला ग्रेनाडानं एक गोल मारला, २-१. आता बार्बाडोस जिंकूनही बाहेर. तेवढ्या वेळात तिसरा गोल होण्याची लक्षणं नाहीत. पण त्या स्पर्धेत कुणीतरी एक अफलातून नियम करून ठेवला होता: बरोबरी झाली की जादा वेळ, आणि जादा वेळेतला सुवर्ण गोल, म्हणजे सामना तिथंच संपवणारा पहिला गोल, दोन गोलांचा धरायचा. बार्बाडोसच्या पोरांनी हिशेब केला आणि मागं वळून चेंडू आपल्याच जाळ्यात घातला. २-२. दोन गोल मिळवायला आता अर्धा तास हातात.

इथवर चहावाला नुसता ओतत होता. त्यानं किटली खाली ठेवली. “मग आता ग्रेनाडानं काय करायचं?”

तेच तर. ग्रेनाडाला एका गोलनं हरलं तरी चालतंय, जिंकलं तरी चालतंय, फक्त बरोबरी नको. म्हणजे त्यांनी चेंडू कुठल्याही जाळ्यात घालावा.

“आणि बार्बाडोसनं दोन्ही जाळी राखायची?”

होय. शेवटची काही मिनिटं बार्बाडोसचे खेळाडू मैदानाच्या दोन्ही टोकांना पहारा देत होते. ती त्यांनी काढली, जादा वेळेत गोल केला, एकाचे दोन झाले, ४-२, आणि ते पुढं गेले. चहावाला बराच वेळ त्या दोन ग्लासांकडं बघत राहिला. मग ते उचलून विसळायला घेतले आणि म्हणाला, “नियम करणाऱ्यानं कधी चेंडूला पाय लावला नसंल.”

तिसरी गोष्ट चोरीला गेलेल्या झ्यूल रिमे चषकाची, म्हणजे तेव्हाच्या विश्वचषकाची. मार्च १९६६ मध्ये लंडनच्या प्रदर्शनातून तो चोरीला गेला आणि आठवड्याभरानं पिकल्स नावाच्या कुत्र्यानं एका कुंपणाखालून हुडकून काढला. खरी आहे. चषक वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता हे मात्र तुम्ही लिहिलं नाही. पेपरच्या उपयोगांत तेवढी भर पडली असती. आणि गोष्ट तिथं संपतही नाही. ब्राझीलनं १९७० मध्ये तिसऱ्यांदा जिंकून तो चषक कायमचा घरी नेला, आणि १९८३ मध्ये तो रिओमधून पुन्हा चोरीला गेला. या खेपेला कुत्रं नव्हतं. तो आजवर सापडलेला नाही. कपाटाला समोरून बंदुकीच्या गोळीनंही न फुटणारी काच होती म्हणे, आणि मागची बाजू लाकडी. पहारीनं उचकटली. आमच्या वर्कशॉपात असं कपाट कुणी केलं असतं तर मालकानं त्यालाच त्यात बंद केलं असतं.

चौथी स्कॉटलंडची, ऑक्टोबर २०२० मधली, नातवाची आवडती. इनव्हरनेसच्या मैदानावर माणूस नसलेला, स्वतःच चेंडू ओळखून त्याच्यामागं फिरणारा कॅमेरा लावला होता. त्यानं चेंडू सोडून लाइन्समनचं टक्कल धरलं, आणि घरी बसलेल्या लोकांना पुन्हापुन्हा ते टक्कल बघावं लागलं. आमच्यातल्या फौंड्रीवाल्या एकानं हे ऐकल्यापासून टोपी काढलेली नाही.

आता पाचवी.

मास्तर म्हणाले, हे तर आम्ही शाळेत असल्यापासून ऐकतोय. मीही ऐकत आलोय. गोरे साहेब म्हणाले, बूट घाला. आमची पोरं म्हणाली, आम्ही अनवाणीच खेळणार. आणि स्वाभिमानानं घरी बसली. ऐकायला झकास आहे. म्हणूनच मला संशय आला. नातवानं मोबाइलवर आणि मी वाचनालयात बसून जे जमवलं ते असं.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, हे खरं. फ्रान्सकडून २-१ असे हरले, तेही खरं. आपला गोल सारंगपाणी रामन यांचा. पण त्याच सामन्यात आपण दोन पेनल्टी घालवल्या, हे कुठल्याही कट्ट्यावर कुणी सांगत नाही. पाय सगळ्यांना आठवतात, पेनल्टी कुणालाच नाही.

१९५० ला आपली निवड झाली ती न खेळता. आपल्या पात्रता गटातल्या बाकीच्या देशांनी माघार घेतली. ब्राझीलमध्ये आपल्याला स्वीडन, इटली आणि पॅराग्वे यांच्या गटात टाकलं होतं. इटलीचा संघ तर आदल्या वर्षीच्या सुपेर्गाच्या विमान अपघातात आपले उत्तमातले उत्तम खेळाडू गमावून बसला होता आणि ब्राझीलला बोटीनं आला. यजमान आपल्या प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायला तयार होते. तरी आपण गेलो नाही. आपल्या महासंघानं अधिकृत कारण दिलं ते सरावाला वेळ कमी आणि संघनिवडीवरून मतभेद. त्यात बुटाचं नाव नाही. कर्णधार होणार होते ते शैलेन मन्ना यांनी पुढं कैक वर्षांनी सांगितलं की विश्वचषक म्हणजे काय हे तेव्हा आम्हाला नीट ठाऊकच नव्हतं. आमच्या लेखी ऑलिंपिक हेच सर्वस्व. रिक्षावाला हे ऐकून म्हणाला, “म्हंजे पायात बूट न्हवतं म्हणून न्हाई, मनातच न्हवतं म्हणून.”

आणि पुढचं बघा. १९५२ ला हेलसिंकीत आपले बरेच खेळाडू पुन्हा अनवाणीच उतरले आणि युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ असं धुतलं. त्यानंतर आपल्याच महासंघानं बूट सक्तीचे केले. चार वर्षांनी मेलबर्नला बूट घालून आपण ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, त्यात आपल्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझांचे तीन गोल, आणि ऑलिंपिकमध्ये चौथे आलो. बुटांशी आपलं काही वैर नव्हतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्या गमतीच्या चौकटीवर एवढा खल कशाला? तर सांगतो, आणि यात माझीही एक कबुली आहे.

तरुणपणी मी पेठेतल्या एका लहान संघाचा गोलकीपर होतो. एका सामन्यात मी दोन पेनल्टी अडवल्या अशी माझी ख्याती आहे. हल्ली ती पाचांवर गेलीय. परवा एका लग्नात कुणीतरी मुलीकडच्यांशी माझी ओळख तशीच करून दिली. खरी हकिकत अशी की पहिली पेनल्टी खांबाला लागून गेली. दुसरीला मी उजवीकडं झेप घेतली, चेंडू सरळ मधून आला आणि मागं राहिलेल्या माझ्या डाव्या पायाच्या नडगीवर आपटला. माझी पाठ चेंडूकडं होती. लोकांनी खांद्यावर घेतलं, मी काही बोललो नाही, आणि आजवर बोललो नव्हतो. त्या नडगीमुळं मी पुढं पेनल्टीचा सराव कधी केलाच नाही. गरज काय, आपण तर अडवतोच! पुढच्याच हंगामात एकाच महिन्यात तीन खाल्ल्या आणि माझी जागा दुसऱ्याला गेली.

तुमची चौकट वाचून नातवानं मला विचारलं, “आजोबा, तेव्हा कुणी त्यांना बूट घेऊन दिले असते तर आपण वर्ल्ड कप खेळलो असतो?” पोरगं तेरा वर्षांचं आहे, पेठेच्या लहान गटात लेफ्ट बॅक खेळतं. त्यानं विचारायला हवं होतं की निमंत्रण हातात असून आपली माणसं बैठकीत काय करत बसली होती. हा प्रश्न त्याच्या तोंडी यावा अशी गोष्ट आपण त्याला सांगितलीच नाही. फिफाच्या विश्वचषकात भारताचा संघ पहिल्यांदा उतरला तो २०१७ मध्ये, १७ वर्षांखालच्या मुलांचा, आणि त्यात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. अमेरिकेविरुद्धचा तो सामना चहावाल्याच्या टीव्हीवर बघताना आम्ही सगळे हरूनसुद्धा उभे राहिलो होतो. १९५० ते २०१७, ६७ वर्षं. एवढा काळ बुटांवर ढकलता येत नाही.

तेव्हा विनंती अशी की दुरुस्ती छापावी, आणि ती पान दोनवर मुंगीएवढ्या अक्षरांत नको. त्याच पुरवणीत, त्याच पानावर, तेवढ्याच चौकटीत छापावी. मास्तरांना चष्म्यानंही बारीक दिसत नाही, आणि “पेपरात आलंय म्हणजे खरं” हे त्यांचं ठाम मत आहे. त्यांची आणि माझी सात प्लेट मिसळीची पैज लागलीय, वर जादा कट. आम्ही रविवारी साडेसातला पेपर उघडतो.

आपला,
पेठेतला एक जुना गोलकीपर
शिवाजी पेठ, कोल्हापूर