गाडीतले आई-बाप

शिकागो,
२८ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. नमस्कार वि. वि.

परवा फोनवर आई म्हणाली, स्कूटरला गिऱ्हाईक आलंय, काय करायचं? मी "सांगतो" म्हणालो आणि तुमच्या गुडघ्यांवर विषय नेला. जे सांगायचं होतं ते फोनवर जमलं नसतं. तुमची सकाळची दुधाची गडबड, इकडे माझी भांडी घासायची वेळ. आता नाताळची सुट्टी आहे, ऑफिस बंद, बाहेर उणे बारा. म्हणून लिहायला बसलोय. पत्र सिनेमाचं आहे. स्कूटरचं शेवटी येईल, बाबा, तोवर धीर धरा.

'होम अलोन' आठवतोय? घरात केबल नवी नवी आली होती. आई मेथी निवडत बसली होती आणि बाबा इंग्रजी न कळताही आम्हाला गोष्ट समजावून सांगत होते, ती बरीचशी चुकीची. एवढं मोठं खटलं पॅरिसला निघतं आणि पोरगं घरीच राहतं. आई, तू मेथीची जुडी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "काय बाई आहे! पोरं मोजायला काय होतं?" तू कराडच्या स्टँडवर आम्हाला मोजायचीस, पिशव्या आणि पाण्याच्या बाटलीसकट. पण त्या बाईवर तू अन्याय केलास, हे आज सांगतो. मोजलं होतं त्यांनी. शेजारचं एक आगाऊ कार्टं गाडीत डोकावत होतं, तेच हिशेबात धरलं गेलं, आकडा बरोबर आला. नेमकी तेव्हाच तू कुकर बंद करायला आत गेली होतीस.

सिनेमातला तो बंगला माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे, विनेट्का नावाच्या गावात. रविवारी तुमच्या नातवाला दाखवायला नेलं. लाल विटांचं घर, पुढं बर्फ, रस्त्यावर आमच्यासारखीच चार-पाच माणसं फोन काढून उभी. त्याला आत जायचं होतं. मी म्हटलं, आत गेलास तरी तुला हवं ते घर तिथं नाही. सिनेमातलं आतलं घर बरंचसं खोटं होतं, जवळच्या एका बंद पडलेल्या हायस्कूलच्या व्यायामशाळेत उभारलेलं. पाण्याने भरलेलं तळघर दिसतं ना, ते त्याच शाळेच्या पोहण्याच्या तलावात. त्याने विचारलं, शाळा का बंद पडली? मी म्हटलं, पट घसरला.

बाबा, हा शब्द तुमचा. शाळा सुरू झाली की जून-जुलैत तुमच्या तोंडात दुसरा शब्द नसायचा. महायुद्धानंतर इकडे पोरांची लाट आली होती, त्यांच्यासाठी शाळा बांधल्या. पोरं मोठी होऊन निघून गेली आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत वर्ग ओस पडले. मग तिथं सिनेमावाले आले. 'होम अलोन' लिहिणारा जॉन ह्यूज याच भागात वाढलेला माणूस. त्याआधी १९८५ साली त्याचा 'द ब्रेकफास्ट क्लब' आला होता. शनिवारी शिक्षा म्हणून दिवसभर शाळेच्या लायब्ररीत डांबलेल्या पाच पोरांची गोष्ट. तीही लायब्ररी खरी नव्हे. डेस प्लेन्समधली एक शाळा १९८१ साली बंद झाली, तिच्या व्यायामशाळेत उभी केलेली. म्हणजे एका माणसाने पोरं मोठी होण्याचा सिनेमा लिहिला आणि सणाला घरी परत येण्याचाही लिहिला, आणि दोन्ही रिकाम्या शाळांत झाले. डेस प्लेन्सची ती इमारत अजून आहे, सरकारी कचेऱ्यांसाठी वापरतात. मी तिच्यावरून कितीदा गेलोय. बघण्यासारखं काही नाही, काँक्रीटचे ठोकळे.

'ब्रेकफास्ट क्लब' मी पहिल्यांदा हॉस्टेलवर पाहिला, कुणीतरी आणलेल्या घासलेल्या सीडीवर. तेव्हा मला सगळं पटलं होतं. मोठी माणसं ढोंगी, आपण एकटे, आपलं कुणी ऐकत नाही. यंदा पुन्हा पाहिला, तर निम्मा पटला. त्या अबोल, विचित्र मुलीला शेवटी नटवून-थटवून 'छान' करतात, ते तर अजिबात नाही. होती तशीच बरी होती. पण एक गोष्ट आधी ध्यानात आली नव्हती. त्या सिनेमात आई-बाप फक्त गाडीत आहेत. सकाळी सोडायला येतात, संध्याकाळी न्यायला. कुणी अभ्यासावरून ओरडतं, कुणी नाव काढ म्हणून दम भरतं. ती अबोल मुलगी उतरते, निरोप घ्यायला काचेशी वाकते आणि गाडी निघून जाते. एवढंच. आणि गंमत बघा, संध्याकाळी एका मुलाला न्यायला जो बाप येतो, तो म्हणजे स्वतः ह्यूज. पोरांची बाजू एवढी जीव तोडून लिहिली आणि स्वतः जाऊन बसला कुठे, तर स्टिअरिंगवर.

आमच्या शाळेसमोर सकाळी गाड्यांची रांग लागते. तिथं थांबायचं नसतं. पोर उतरलं की पुढं सरकायचं. पिवळं जाकीट घातलेल्या एक बाई हाताने "चला, चला" करत असतात. नोव्हेंबरात एकदा तुमचा नातू उतरला, दोन पावलं गेला आणि काहीतरी सांगायला मागं वळला. मागच्याने हॉर्न दिला, मी गाडी काढली. आरशात तो तोंड उघडं ठेवून उभा. संध्याकाळी विचारलं, काय सांगत होतास रे? म्हणे, आठवत नाही. ती मुलगी काचेशी वाकते तो प्रसंग त्यानंतर मला धड बघवत नाही.

आपल्याकडे असं नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. तुम्हाला 'किल्ला' दाखवला होता, अविनाश अरुणचा. वडील गेल्यावर आईची कोकणात बदली होते आणि मुलगा नव्या शाळेत येतो. मित्र त्याला पावसात किल्ल्यावर एकटा सोडून पळतात. आई, तू तेव्हा "मेल्यांनो" म्हणालीस, थेटरातली चार माणसं वळली. मला तो जास्त का आवडतो सांगू? त्यातली आई नुसती सोडायला-आणायला नाही. तिलाही नवी कचेरी आहे, तिथं तिचंही कुणी नाही, आणि त्या मुलाला हे कळायला अख्खा पावसाळा जातो. बर्लिनच्या महोत्सवात त्याला पोरांच्या ज्यूरीने बक्षीस दिलं, २०१४ साली. पोरांनी! म्हणजे आई पडद्यावर असली तर मुलं कंटाळतात हे काही खरं नाही.

'होम अलोन'मधल्या चोरांच्या मारामाऱ्या मला आता लांबट वाटतात. रंगाचे डबे डोक्यावर आदळतात तो भाग नातू तीनदा मागं नेऊन बघतो. मी बघतो ते आईचं परत येणं. पॅरिसहून डॅलस, तिथून स्क्रँटन, पुढं विमान नाही म्हणून पोल्का वाजवणाऱ्या बँडवाल्यांच्या भाड्याच्या ट्रकमधून रात्रभर. ती धापा टाकत दारात पोचते, आणि काही मिनिटांत बाकीचं सगळं खटलं सकाळच्या विमानाने आरामात येऊन उभं. आई, तू तेव्हा म्हणालीस, "मग हिने काय मिळवलं?" मीही हसलो होतो.

आता मुद्द्यावर येतो. 'लेडी बर्ड' नावाचा सिनेमा आहे, २०१७चा, सॅक्रॅमेंटो गावातला. मुलगी शिकायला न्यूयॉर्कला निघते. आई-मुलीचं बोलणं बंद आहे. विमानतळावर आई पार्किंग महाग म्हणून उतरतच नाही, बाप मुलीला आत नेतो. बाई गाडी घेऊन विमानतळाला वळसा घालते आणि त्या वळशातच तिला रडू फुटतं. धावत आत जाते, तोवर मुलगी गेलेली. तो वळसा बघताना मी सिनेमा थांबवला.

१९९८ साली तुम्ही मला पुण्याच्या गाडीला सोडायला आलात, बाबा. पुढं पायांत वळकटी, मागं मी मांडीवर ट्रंक घेऊन. स्टँडवर पोचल्यावर तुम्ही स्कूटर बंदच केली नाहीत. "बंद केली तर परत किका मारत बसावं लागेल," म्हणालात. मी ते वर्षानुवर्षं मनात धरून होतो. पोरगा घर सोडून चाललाय आणि यांना किकेचं पडलंय. हॉस्टेलवर ही गोष्ट मी मित्रांना हसत हसत सांगायचो, तुमची नक्कल करून.

त्या रात्री सिनेमा थांबवून बसलो तेव्हा हिशेब लागला. गाडी चाळीस मिनिटं उशिरा सुटली होती. उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारा माणूस चाळीस मिनिटं स्कूटर चालू ठेवून उभा होता. मी खिडकीतून बघत होतो, तर तुम्ही उगाच ॲक्सिलरेटर पिळत होतात. त्या आवाजात आपण काही बोललो असतो तरी ऐकू आलं नसतं.

तेव्हा स्कूटरचं असं. विकायची तर विका. दादाला विचारू नका, तो ठेवा म्हणेल आणि पुसत बसाल तुम्ही. किमतीवर अडून बसू नका. फक्त गिऱ्हाईक न्यायला येईल त्या दिवशी आधी एकदा कलती करून किक मारा. गुडघा दुखत असेल तर शेजारच्या पोराला मारायला सांगा. सुरू झाली तर लगेच बंद करू नका. आईला मोबाईलवर आवाज भरून घ्यायला सांगा आणि मला पाठवा. तुम्हाला पिळायचा असेल तर पिळा.

गोळ्या वेळेवर घ्या.

तुमचा,
धाकटा

ता. क. आई, मे महिन्यात तिघंही येतोय. स्टँडवर आलीस तर मोजून घे, आणि शेजारचं कुणी मधे घुसलंय का तेही बघ.