क्रोटनचं फूल दाखवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

सभेत तुमच्या आभाराचा ठराव झाला, टाळ्याही झाल्या. पण इतिवृत्तातल्या त्या दोन ओळींत काय मावणार? म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे.

कुंपणालगतचे क्रोटन उपटायचे हे जवळजवळ ठरलंच होतं. सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड फिरत होता, क्रोटनच्या बियांचं तेल जहाल असतं म्हणून. शेजारीच घसरगुंडी, त्यामुळे आयांच्या पोटात गोळा. माळीकाकांना कुदळ आणायला सांगून झालं होतं. अशात तुम्ही हातभिंग घेऊन खाली आलात आणि कुणाशी वाद न घालता म्हणालात, “आधी फूल बघू या.”

क्रोटनला फूल येतं हेच आमच्यातल्या निम्म्यांना नवीन. इतकी लाल-पिवळी पानं असताना बोटभर लांबीच्या त्या फिकट तुऱ्याकडे लक्ष जाणार कसं? तुम्ही दोन तुरे वेगवेगळे धरून दाखवलेत. एकावर नुसती नरफुलं, बारीक पांढऱ्या पाकळ्या आणि पुंकेसरांचा झुबका. दुसऱ्यावर मादीफुलं, त्यांना पाकळ्याच नाहीत. झाड एकच, तुरे मात्र निराळे. मग सांगितलंत की जहाल तेलाचा तो जमालगोटा. त्याच्यात नर आणि मादी फुलं सहसा एकाच तुऱ्यावर, मादी खाली आणि नर वर. कळी उघडून पाहिली तर त्याचे पुंकेसर आत वाकलेले दिसतात, आपल्या झुडपाचे सरळ. दोघंही एरंडाच्या कुळातले, फळही दोघांचं तीन कप्प्यांचं, पण प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, वेगळी. शास्त्रीय नावाने ‘क्रोटन’ तो जमालगोटाच. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने 1753 मध्ये आपल्या झुडपालाही क्रोटनमध्येच घातलं, 1824 मध्ये ते कोडिएअम प्रजातीत गेलं, आणि नर्सरीवाल्यांनी जुनंच नाव चालू ठेवलं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याचा घोळ तिथेच झाला असावा.

झाड अगदी निर्धोक आहे, असं मात्र तुम्ही म्हणाला नाहीत, आणि मला तेच जास्त आवडलं. चीक अंगाला लागला तर कातडीची आग होऊ शकते, कपड्यावरचा डाग निघत नाही, पान चावलं तर तोंड आणि पोट बिघडतं. म्हणून छाटणीला हातमोजे, आणि घसरगुंडीजवळची दोन झुडपं हलवायची. ती आता गेटपाशी, उन्हात आहेत.

त्या दोघांचं रूप पालटलं, हे तुम्ही पाहिलंच असेल. जिन्याच्या सावलीत ती हिरवीगार असायची आणि आम्ही खताला दोष द्यायचो. सावलीत मिळेल तेवढा उजेड टिपायला पानाला हरितद्रव्य लागतं; ऊन भरपूर मिळालं की पिवळी आणि लाल द्रव्यं वर दिसू लागतात. शिवाय बऱ्याच जातींत कोवळं पान हिरवं-पिवळं असतं आणि जून होताना लाल होत जातं. आपल्याकडे उलट सवय, आंब्याची पालवी आधी तांबूस आणि मग हिरवी! म्हणून क्रोटनचं लाल पान म्हणजे नवीन फूट असं धरून चाललो होतो.

पंपरूमजवळच्या झुडपाची गंमत तर वेगळीच. त्याच्या एकाच फांदीला अरुंद, पीळ पडलेली पानं. कुणी म्हणे कलम केलंय, कुणी म्हणे रोग पडलाय. तुम्ही समजावलंत की शेंड्याच्या वाढत्या पेशींत कधी तरी अचानक बदल होतो आणि त्या कोंबातून पुढे येणारं प्रत्येक पान तो बदल घेऊन येतं. बी पेरून तसंच झाड मिळण्याचा भरवसा नाही, पण त्या फांदीला गुटी बांधली, म्हणजे साल सोलून ओलं शेवाळ गुंडाळून झाडावरच मुळं फुटू दिली, तर नवीन रोप तशाच पानांचं निघतं. क्रोटनच्या शेकडो जातींपैकी कितीतरी अशाच एखाद्या फांदीतून आल्या आहेत. इतकी वर्षं आम्ही ती फांदी ‘बिघडलेली’ म्हणून छाटत होतो.

तुम्ही सांगितलेला तो सतराव्या शतकातला वनस्पती-अभ्यासक रुम्फियसही डोक्यातून जात नाही. या झुडपाच्या मुलखात, इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर राहून त्याने तिथल्या वनस्पतींची वर्णनं लिहिली, त्यात हेही झुडूप आहे. 1670 मध्ये त्याची दृष्टी गेली, तरी सहायकांकडून लिहून घेत त्याने काम सोडलं नाही. ग्रंथ छापायला सुरुवात झाली 1741 मध्ये. तो 1702 मध्येच वारला होता. भर सभेत तुम्ही हे सांगत होतात आणि मागच्या रांगेतला पार्किंगचा वाद आपोआप थांबला. सोसायटीच्या इतिहासात हेही नोंदवायला हवं.

आता कामाचं. माळीकाकांनी पंपरूमच्या फांदीला गुटी बांधली आहे. प्लास्टिकमधून मुळं दिसू लागली की फांदी कुठून कापायची, ते तुम्हीच येऊन दाखवा. बी विंगमधल्या मुलांना हातभिंग पुन्हा हवं आहे. या वेळी त्यांना कण्हेर बघायची आहे, तेव्हा चिकाबद्दलची सूचना आधीच देऊन ठेवाल का?

मनापासून आभार. कळावे, लोभ असावा.

आपला,
बाग समितीचा सचिव