ट्रॅकची गाडी किलोमीटर पाहून घेऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वापरलेल्या स्पोर्ट्स कारच्या जाहिरातींत ‘फक्त ३,५०० किमी, ट्रॅकवर कधीच नेलेली नाही’ ही ओळ सर्वांत ठळक असते आणि तिच्यापायी लाखो रुपये जास्त मोजले जातात. गाडी पोर्शे ९११ जीटी३ किंवा ७१८ केमन जीटी४ सारखी, म्हणजे मुळात रेसट्रॅक डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली असेल, तर हे पैसे भलत्याच गोष्टीला जातात असं आमचं ठाम मत आहे. आमच्यापैकी काही जण या गाड्या चालवतात, काही त्यांची देखभाल करतात. नीट चालवलेली आणि कामाची नोंद असलेली ट्रॅकवरची गाडी ही तळघरात झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा घ्यायला बरी, हे सांगण्यासाठी हे पत्र.

उदाहरण म्हणून ७१८ केमन जीटी४ घेऊ. चार लिटरचं, टर्बो नसलेलं सहा सिलिंडरचं इंजिन, ४२० पीएस, ८,००० आरपीएमपर्यंत फिरणारं. २०१९ साली ती आली तेव्हा फक्त हाताने बदलायच्या सहा गिअरांची होती. दुसरा गिअर इतका लांब आहे की त्यात ताशी १३० किमीच्या पुढे वेग जातो, त्यामुळे शहरात या इंजिनाला मोकळा श्वासच मिळत नाही. अशा गाडीचं मीटर फारसं काही सांगत नाही. सांगतो तो इंजिनाचा संगणक. अधिकृत वर्कशॉपमध्ये किंवा योग्य स्कॅनर असलेल्या स्वतंत्र मेकॅनिककडे त्यातून दोन आकडे काढून घ्या: इंजिन एकूण किती तास चाललं आणि मर्यादेबाहेर किती वेळा फिरलं.

किलोमीटरला तासांनी भागलं की सरासरी वेग कळतो. तो ताशी १८-२० निघाला तर गाडीने आयुष्य वाहतुकीत, क्लच घासत काढलं. ४५-५० च्या वर निघाला तर हायवे किंवा ट्रॅक. दुसरा आकडा जास्त मोलाचा आहे. मर्यादा ओलांडल्याची नोंद सहा टप्प्यांत होते आणि प्रत्येक टप्प्यापुढे शेवटची घटना कितव्या तासाला घडली तेही असतं. पहिल्या तीन टप्प्यांतल्या नोंदींना घाबरू नये. पूर्ण ताकदीने गाडी पळवताना रेव्ह लिमिटरला, म्हणजे इंजिनाचे फेरे मर्यादेवर अडवणाऱ्या यंत्रणेला धडकलं की त्या होतातच. चौथ्यापासून सहाव्यापर्यंतच्या नोंदी मात्र लिमिटरवर पोचून होत नाहीत. चौथ्या गिअरमधून पाचवा टाकताना हात चुकून तिसऱ्यात गेला की चाकंच इंजिनाला जबरदस्तीने फिरवतात आणि तिथे संगणकाचं काही चालत नाही. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची गाठ पडते ती अशीच. अशी नोंद असेल तर त्यानंतर इंजिन किती तास चाललं ते पाहा. घटना २१० व्या तासाला झाली आणि आज संगणक एकूण ४८० तास दाखवत असेल, तर जे बिघडायचं ते एव्हाना बिघडलं असतं. गेल्या पाच तासांतली असेल तर सिलिंडरमधून हवा किती गळते ते मोजणाऱ्या लीक-डाऊन चाचणीशिवाय व्यवहार करू नका. पीडीके हा पोर्शेचा आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स असा चुकीचा गिअर घेतच नाही, म्हणून पीडीके गाडीत वरच्या टप्प्यांच्या नोंदी दिसल्या तर कारण विचारायलाच हवं.

तपासणीच्याच दिवशी ऑईल फिल्टर काढून कापून बघावा. घड्यांमध्ये धातूची चमक दिसली तर तिथेच थांबा. हे काम अर्ध्या तासाचं आहे, तरी करोडोंच्या व्यवहारात ते बहुतेक वेळा होत नाही.

इंजिनाचा क्रमांक आरसीशी ताडून पाहणं ही इथे निव्वळ औपचारिकता नाही. २०१४ मध्ये पोर्शेने त्या वेळच्या सर्व ७८५ ९११ जीटी३ गाड्यांची इंजिनं बदलून दिली. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचे, म्हणजे कनेक्टिंग रॉडचे, स्क्रू सैल होऊन गाड्या पेटल्या होत्या. २०२१ मध्ये चार लिटरच्या ७१८ मालिकेतल्याही काही गाड्या कनेक्टिंग रॉडसाठीच परत बोलावल्या गेल्या. इंजिन बदललेली गाडी वाईट नसते, उलट नव्या इंजिनाची म्हणून बरीच. पण नवा क्रमांक आरसीवर चढवलेला नसेल तर हस्तांतरणाच्या वेळी आरटीओत गाडी अडकते आणि अपघातानंतर विमा कंपनीला हरकत घ्यायला आयतं कारण मिळतं.

आता ब्रेक, कारण ट्रॅकचा खरा खर्च तिथेच होतो. डिस्कवर पॅड दाबणारे कॅलिपर पिवळे म्हणजे सिरॅमिक डिस्क, लाल म्हणजे लोखंडी. सिरॅमिक डिस्क जाडीने फारशा झिजत नाहीत, उष्णतेने आतून जळून हलक्या होतात. म्हणून त्यांचं किमान वजन डिस्कवरच कोरलेलं असतं. डिस्क उतरवून वजन करणं हा एक मार्ग, गाडीवरच मोजणारं उपकरण लावणं हा दुसरा. नुसतं बघून ‘डिस्क नव्यासारख्या आहेत’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चार सिरॅमिक डिस्क बदलायच्या झाल्या तर त्या पैशांत एखादी चांगली हॅचबॅक येते. चाक काढताना रिम डिस्कच्या कडेवर आपटली तर टवका उडतो आणि डिस्क बाद होते. यासाठी बोल्टच्या जागी लावायची मार्गदर्शक पिन गाडीसोबत येते. विक्रेत्याला ती पिन कुठे आहे हे माहीत नसेल, तर चाकं कशी काढली गेली असतील याचा अंदाज येतो. लोखंडी डिस्कमध्ये भोकांभोवतीच्या बारीक चिरा चालतात. दोन भोकं जोडणारी किंवा कडेपर्यंत पोचलेली चीर चालत नाही. ट्रॅकवर वारंवार जायचं असेल तर लोखंडीच घ्या, हा आमचा सल्ला.

डिस्क कुठलीही असो, जीव जातो तो ब्रेक ऑईलमुळे. डॉट ४ ऑईलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश आणि पाणी शोषल्यावर किमान १५५ अंश असावा लागतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्याच्या दमट हवेत ऑईल पाणी लवकर शोषतं. ऑईल उकळलं की पाइपात वाफ होते आणि लांब सरळ रस्त्याच्या शेवटी पेडल तळाला जातं. म्हणून वर्षातून एकदा, आणि ट्रॅकवर जाणार असाल तर त्याआधी, ३०० अंशांच्या वर उकळणारं रेसिंग ऑईल भरा. लिटरभर पुरतं. प्रत्येक कॅलिपरला हवा काढायचे आत आणि बाहेर असे दोन निपल असतात. फक्त बाहेरच्यातून हवा काढली तर काम अर्धवटच राहतं. पॅड निम्म्यावर आले की ट्रॅकसाठी बदला. पातळ पॅड उष्णता अडवू शकत नाही, ती सरळ पिस्टनमधून ऑईलमध्ये उतरते.

चाकांचे बोल्ट १६० न्यूटन-मीटरला आवळायचे, तेही टॉर्क रेंचने, टायरवाल्याच्या हवेच्या गनने नव्हे. ९११ जीटी३ ला मध्यभागी एकच मोठा नट असतो आणि तो ६०० न्यूटन-मीटरला आवळावा लागतो. तेवढा मोठा रेंच गॅरेजात आहे का, हे गाडी घेण्याआधीच विचारून ठेवा. तो नसल्यामुळे पंक्चरसाठी गाडी फ्लॅटबेडवर चढवावी लागते.

टायरची नक्षी शिल्लक आहे म्हणजे टायर शिल्लक आहे असं नाही. मिशेलिनचे कप २ हे ट्रॅकसाठीचे टायर पुन्हा पुन्हा तापून थंड होतात तसे कडक होतात, आणि न चालवताही वयाने कडक होतात. बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. झीज तर सगळं उघड करते. पुढच्या टायरची बाहेरची कड खाल्ली गेली असेल तर गाडी कारखान्याच्या अलाइनमेंटवर ट्रॅकला नेलेली आहे. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. आतली कड गेली असेल तर ट्रॅकसाठी कॅम्बर (चाकाचा आत झुकलेला कोन) वाढवून गाडी रस्त्यावर फिरवली आहे. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर उन्हात हवा २७-२८ पीएसआयने सुरू करून तापल्यावर ३३ च्या आसपास ठेवावी. घरून ३३ भरून निघालात तर चौथ्या फेरीतच गाडी लोण्यावर चालल्यासारखी वाटते. आणि हे टायर घेऊन जुलैत द्रुतगती मार्गावर जाऊ नका. साचलेलं पाणी बाजूला सारायला त्यांना पुरेशा खाचाच नाहीत.

कमी चाललेल्या गाडीचे दोष वेगळे असतात आणि ते किलोमीटरमागे लपतात. बॅटरी मरते, टायर एका जागी चपटे होतात, रबरी सील सुकतात, दमट तळघरात लोखंडी डिस्कवर खड्डे पडतात. पुढच्या बंपरच्या झरोक्यांमागे पानं आणि माती साचते, ती ओली राहते आणि एसीचे कंडेन्सर गंजतात. तिथे टॉर्च मारून बघा. ऑईल वर्षातून एकदा बदलायला हवं, गाडी ३०० किमी चालली असली तरीही. ज्या गाडीच्या नोंदवहीत दोन-दोन वर्षांची भगदाडं आहेत तिला ‘जपलेली’ म्हणू नये.

कागदपत्रांवर थोडं. परदेशातून तयार येणाऱ्या गाडीवर महाराष्ट्रात २० टक्के एकरकमी कर आहे. त्याची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून ३० लाख रुपये झाली. हा कर टाळायला बऱ्याच गाड्या कमी कराच्या राज्यांत नोंदवल्या जातात. अशी गाडी स्वस्त वाटते, पण बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ महाराष्ट्रात ठेवायची तर इथे पुन्हा नोंदणी आणि गाडीच्या वयानुसार कर भरावाच लागतो. तो आधी आरटीओतून काढून किमतीत धरा. फॉर्म २८ ची, म्हणजे दुसऱ्या आरटीओत नोंदणीला हरकत नसल्याची, एनओसी हातात पडेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. कर्ज असेल तर ते फिटून बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ घ्या. गाडी कंपनीने न आणता खासगीरीत्या आयात झाली असेल तर मूळ बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा सीमाशुल्काकडचा कागद, मागा. सीमाशुल्क थकलेलं निघालं तर गाडी जप्त होऊ शकते.

संपादक महोदय, विम्याकडे मात्र आपल्या वृत्तपत्राने लक्ष द्यावं अशी कळकळीची विनंती आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. आयोजित शर्यत, पेस मेकिंग (शर्यतीत पुढे राहून वेग ठरवून देणं), वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी) यांना संरक्षण नाही. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ३.७ किमीच्या ट्रॅकवर घड्याळ न लावता, शर्यत न करता गाडी चालवली तरी दावा याच कलमावर अडवला जाऊ शकतो. ब्रिटन आणि अमेरिकेत एका दिवसापुरता ट्रॅक विमा मिळतो, तोही आधी ठरवलेल्या किमतीवर. आपल्याकडे विम्याची किंमत ठरते ती प्रचलित घसारा कोष्टकाने: चार ते पाच वर्षांच्या गाडीसाठी शोरूम किमतीतून ५० टक्के वजा. ७१८ च्या पेट्रोल गाड्यांचं उत्पादन २०२५ मध्ये थांबलं. अशा गाडीचा बाजारभाव निम्म्यावर येत नाही, विम्याची रक्कम मात्र येते. व्हिंटेज गाड्यांना ठरलेल्या किमतीचा विमा देण्याची सोय आहे. ती या गाड्यांना का नसावी? सुरक्षित जागी, हेल्मेट घालून, रुग्णवाहिका उभी असताना गाडी चालवणाऱ्याला संरक्षण नाही. रात्री वांद्रे-वरळी सागरी सेतूवर तीच गाडी पळवणाऱ्याची पॉलिसी मात्र चालू असते. ही विसंगती लोकांना रस्त्यावर वेग करायला ढकलते आणि ट्रॅकचा वापर लपवायलाही शिकवते. विमा नियामकापुढे हा प्रश्न कुणीतरी मांडायला हवा. तोवर निदान रिटर्न टू इन्व्हॉइस हे, गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मूळ बिलाइतकी रक्कम देणारं, जादा संरक्षण किती वर्षांपर्यंत मिळतं ते विचारून घ्या, आणि ट्रॅकवर गाडी नेताना व आणताना वाहतूकदाराचा विमा वेगळा आहे का ते पाहा.

विकताना हेच सगळं उलट बाजूने लागू पडतं. एक फाइल करा: संगणकाचा ताजा अहवाल, डिस्कची वजनं, ऑईलची बिलं, अलाइनमेंटचे कागद, ट्रॅकवर गेल्याच्या तारखा. हो, तारखासुद्धा. जाणकार ग्राहक टायर पाहून ते ओळखणारच आहे. आपण आधी सांगितलं तर बाकीच्या कागदांवर त्याचा विश्वास बसतो. बदललेला एक्झॉस्ट, सीट, रोल केज काढून मूळ भाग बसवा आणि ते वेगळे विका. कायद्याच्या बाहेरचा बदल गाडीवर तसाच ठेवून विकणं म्हणजे दंड पुढच्या माणसाच्या गळ्यात घालणं. स्वतःच्या वापराची गाडी जास्त भावाने गेली तर त्यावर भांडवली नफ्याचा कर नाही, कारण ती वैयक्तिक वस्तू धरली जाते; कंपनीच्या नावावर घसारा घेतला असेल तर हिशेब वेगळा, तो सीएला विचारावा.

हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे गाडी गेली असं समजू नये. हस्तांतरणाची सूचना राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, परराज्यात ४५ दिवसांत आरटीओला द्यावी लागते. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीसोबत जात नाही, तो विकणाऱ्याचा. त्याचं प्रमाणपत्र विमा कंपनीकडून त्याच आठवड्यात मागून घ्या. आणि घेणाऱ्याने पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावी. तोपर्यंत तृतीय पक्षाचं संरक्षण असतं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं नसतं.

आपले,
ट्रॅकवर गाडी चालवणारे आणि तिची देखभाल करणारे काही वाचक,
पुणे